पाणबुडीची बांधणी आणि माझगाव गोदी

(द्वितीय वर्ष, कला)

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'सुरत', 'निलगिरी' आणि 'वाघशीर' ही तीन नावे भारतीय नौदलात एकाच दिवशी दाखल झाली. पहिल्या दोन युद्धनौका व तिसरी पाणबुडी. तिन्ही मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र आले. वडिलांनी ते बराच वेळ निरखून पाहिले आणि मला विचारले, "लोखंड पानीमा बुडस हाई माले ठाऊक शे, पन बुडेल लोखंड परत वर कसं येस रे?" शेजारीच बसलेल्या दादाने दुसराच प्रश्न काढला. दादा महामार्गावरील एका वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग करतो. तो म्हणाला, "वर येण्याचे राहू दे. इतक्या पाण्याखाली तो जोड टिकतो कसा, ते सांग."

मी इतिहास व अर्थशास्त्राचा विद्यार्थी. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला त्या दिवशी देता आली नाहीत. महाविद्यालयात जाणारा घरातला पहिलाच मुलगा निरुत्तर झाला, याची खंत वाटली आणि त्यातूनच या अभ्यासाला सुरुवात झाली. पाणबुडी हा कलाशाखेचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. परंतु पाणबुडी कशी बांधतात याचा शोध घेऊ लागल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न जितका पदार्थविज्ञानाचा आहे तितकाच तो माणसाच्या हातातील कसबाचा आणि ते कसब टिकवणाऱ्या किंवा गमावणाऱ्या समाजाचाही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

बुडणे आणि वर येणे

प्रथम वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. एखादी वस्तू पाण्यात जितकी जागा व्यापते, तितक्या जागेतील पाण्याच्या वजनाएवढा आधार पाणी तिला देते. आर्किमिडीजचा हा सिद्धांत आपण शाळेत शिकलो आहोत. रिकामी घागर विहिरीत तरंगते, भरली की बुडते. पाणबुडी म्हणजे इच्छेनुसार भरता व रिकामी करता येणारी घागर होय. तिच्या मुख्य देहाला लागून पाण्याच्या टाक्या असतात. बुडावयाचे असेल तेव्हा त्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात. वर यावयाचे असेल तेव्हा दाबून साठवलेली हवा त्यांत सोडून पाणी बाहेर ढकलतात. 'वाघशीर' ज्या जातीची आहे त्या स्कॉर्पिन पाणबुडीचे वजन पृष्ठभागावर सुमारे १,६०० टन, तर पाण्याखाली सुमारे १,७७५ टन भरते. म्हणजे बुडण्यासाठी तिला दीडशे टनांहून अधिक पाणी पोटात घ्यावे लागते.

यावरून बांधणीतील पहिली अडचण लक्षात येईल. जहाज थोडे जड झाले तर ते थोडे अधिक खोल बसते, इतकेच. पाणबुडीला मात्र पाण्याखाली ना वर, ना खाली अशा समतोलात राहावयाचे असते. म्हणून तिच्यात बसवली जाणारी प्रत्येक वस्तू, मग तो पंप असो, नळी असो वा खलाशाची खाट असो, तिचे वजन आणि तिची जागा यांचा हिशेब ठेवावा लागतो. किराणा दुकानातील तराजूला लाजवील असा हा हिशेब कित्येक वर्षे चालतो. शेवटी जी तूट राहते ती शिशाचे ठोकळे ठेवून भरून काढतात.

विहीर गोल का असते?

आता दादाच्या प्रश्नाकडे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजेच प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार वाढतो. तीनशे मीटर खोलीवर हा भार चौरस मीटरला तीनशे टन होतो. आपल्या वर्गाचे दार साधारण दोन चौरस मीटरचे धरले, तर तेवढ्या भागावर सहाशे टन; दहा टनांच्या भरलेल्या उसाच्या साठ ट्रॉल्या एकावर एक रचाव्यात तसा! आणि हा भार केवळ वरून नव्हे, तर सर्व बाजूंनी एकाच वेळी येतो.

या भाराला तोंड देण्याचा उपाय आपल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्याकडील बांधीव विहिरी बहुधा गोल असतात. चौकोनी विहिरीची भिंत मातीच्या रेट्याने मध्यभागी फुगते व ढासळते. गोल विहिरीत मात्र प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो आणि बाहेरचा रेटाच बांधकामाला घट्ट करतो. पाणबुडीचा आतील देह याच कारणाने गोल नळकांड्याच्या आकाराचा असतो. त्याला दाबसह देह म्हणता येईल. जाड पोलादी पत्रे यंत्रावर वाकवून त्यांचे गोल केले जातात आणि ते ठरावीक अंतरावर पोलादी कड्यांनी बांधून घेतले जातात. पिंपाला पट्ट्या ठोकाव्यात तसे. छायाचित्रात दिसतो तो माशासारखा डौलदार आकार पुष्कळसा बाहेरच्या हलक्या आवरणाचा असतो. माणसांचे प्राण राखतो तो आतला नळा.

परंतु येथे एक मेख आहे. गोलाचे सामर्थ्य तो खरोखर गोल असेल तोवरच. नळा एका बाजूने किंचित जरी चपटा राहिला, तरी दाब त्याच जागी चाल करतो आणि तेथून देह दबण्याचा धोका निर्माण होतो. सहा मीटरांहून अधिक व्यासाच्या या पोलादी कड्यात मोजक्या मिलिमीटरांचाच फरक चालतो. त्यातच वेल्डिंगची उष्णता पोलादाला ओढते, वाकवते. म्हणून एका बाजूने सलग जोड न घेता, समोरासमोरच्या भागांत आळीपाळीने जोडकाम करतात आणि पुन्हा पुन्हा मोजमाप घेतात.

जोडाची गोष्ट

पाणबुडीसाठी उच्च ताकदीचे खास पोलाद वापरतात. हे पोलाद जितके बळकट, तितकेच जोडाच्या वेळी नाजूक. दादाने मला सांगितले की पावसाळ्यात वेल्डिंगच्या काड्या ओल धरतात, मग ठिणग्या फार उडतात आणि जोड फुसका होतो. ट्रॉलीचा जोड सुटला तर पुन्हा काडी लावता येते. पाणबुडीच्या बाबतीत हीच ओल प्राणघातक ठरू शकते. ओलाव्यातील हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर आतल्या आत बारीक तडा पाडतो. विशेष म्हणजे हा तडा लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी तो उमलतो. म्हणून काड्या भट्टीत तापवून कोरड्या ठेवतात, जोडण्यापूर्वी पत्रे गरम करतात, जोडानंतर ते सावकाश निवू देतात आणि मध्ये पुरेसा काळ जाऊ देऊन मगच तपासणी करतात.

ही तपासणी कशी होते? आपण बाजारात मडके घेताना टिचकी मारून त्याचा आवाज ऐकतो. गोदीतही तत्त्व तेच, साधने निराळी. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी जोडात सोडून त्यांचा प्रतिध्वनी पाहतात. क्ष-किरणांनी जोडाचे छायाचित्र घेतात, डॉक्टर हाडाचे घेतात तसे. दोष आढळला तर तेवढा भाग कोरून काढून पुन्हा भरतात व पुन्हा तपासतात. कोणता जोड कोणी केला, केव्हा केला, कोणी तपासला याची नोंद राहते.

या नोंदीमागे एक दुःखद इतिहास आहे. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' ही अणुपाणबुडी अटलांटिक महासागरात खोल पाण्यातील चाचणीच्या वेळी बुडाली. तिच्यावरील १२९ माणसांपैकी एकही वाचला नाही. चौकशीत बहुधा यंत्रकक्षातील समुद्रजलाच्या एका नळीचा जोड निकामी झाला असावा असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर अमेरिकन नौदलाने समुद्राच्या दाबाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक भागाची, प्रत्येक जोडाची कागदोपत्री खात्री पटवून घेण्याची कडक पद्धत सुरू केली. आपल्याकडील शेतकरी जाणतो की सबमर्सिबल पंपाची मोटर बहुधा आपल्या दोषाने जळत नाही. केबलच्या जोडात पाणी शिरते आणि ती जळते. विहिरीतील मोटर जळाली तर एका हंगामाचे नुकसान होते. समुद्राच्या तळाशी जोड फुटला तर काय होते, हे 'थ्रेशर'ने दाखवून दिले.

तुकड्यांतून पाणबुडी

पूर्वी जहाजाप्रमाणे पाणबुडीही एकाच जागी, तळापासून वर अशी बांधीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीने आपल्या 'एकविसाव्या प्रकारच्या' पाणबुड्या आठ-आठ तुकड्यांत, निरनिराळ्या ठिकाणी बांधून मग हॅम्बुर्ग, ब्रेमेन व डान्झिग येथे जोडण्याची पद्धत अवलंबिली. कल्पना उत्तम होती; पण घाईघाईत केलेले तुकडे एकमेकांशी नीट जुळेनात. अशा ११८ पाणबुड्या नौदलात दाखल झाल्या, परंतु युद्ध संपेपर्यंत त्यांतील अवघ्या दोनच लढाऊ मोहिमेवर निघू शकल्या. पद्धत बरोबर असूनही अचूकपणा नसेल तर ती फुकट जाते, हा त्याचा धडा.

आज जगभर तुकड्यांचीच पद्धत रूढ आहे, आणि माझगाव गोदीतही तीच आहे. स्कॉर्पिनची लांबी सुमारे ६७ मीटर. तिचे पाच मोठे भाग वेगवेगळे बांधतात. नळ्याची तोंडे उघडी असतानाच यंत्रसामग्री आत सरकवता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. डिझेल इंजिने, विजेची मोटर, पंप, नळ्या यांचे संच बाहेरच मंचावर रचून, तपासून मग आत ढकलले जातात. पंप व इंजिने थेट देहाला न ठोकता रबरी आधारांवर बसवतात; कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि जिचा आवाज शत्रूच्या कानी गेला ती पाणबुडी संपलीच म्हणावयाची.

विजेच्या घटांचे एकच उदाहरण देतो. पाण्याखाली डिझेल इंजिन चालवता येत नाही, कारण त्याला हवा लागते. म्हणून तेथे पाणबुडी विजेच्या घटांवर चालते आणि ते घट पुन्हा भारण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन श्वासनळी वर काढावी लागते. स्कॉर्पिनमध्ये असे ३६० घट असतात व प्रत्येकाचे वजन सुमारे ७५० किलो. म्हणजे केवळ घटांचेच वजन २७० टन, संपूर्ण पाणबुडीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतके! शिवाय सुमारे ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर नळ्या. शिरपूरहून धुळ्यापर्यंत अंथरली तरी उरेल इतकी केबल, एका माणसाला जेमतेम आडवे होता येईल अशा जागांतून न्यावयाची. उंच, धिप्पाड कामगाराला जेथे शिरता येत नाही तेथे सडपातळ माणूस शिरतो, पाठीवर पडून डोक्यावरची नळी जोडतो, कधी आरशात पाहून जोड घेतो.

पाचही भाग तयार झाल्यावर ते एका रेषेत आणून जोडण्याचा दिवस येतो. 'कलवरी' या पहिल्या स्कॉर्पिनचे पाच भाग ३० जुलै २०१४ रोजी एकत्र जोडले गेले. त्यापूर्वी आठ वर्षे केलेल्या साऱ्या मोजमापांची ती परीक्षाच होती.

कसोटीचे दिवस

बांधणी पूर्ण झाली म्हणजे पाणबुडी तयार झाली असे नव्हे. 'कलवरी'चा प्रवास पाहण्याजोगा आहे. तिच्यासाठी पोलाद कापण्यास डिसेंबर २००६ मध्ये प्रारंभ झाला. एप्रिल २०१५ मध्ये ती तरत्या तराफ्यावर चढवून गोदीबाहेर काढण्यात आली व त्याच वर्षी ऑक्टोबरात पाण्यात उतरली. मे २०१६ मध्ये समुद्रातील चाचण्या सुरू झाल्या. पृष्ठभागावर धावणे, बुडणे, टप्प्याटप्प्याने अधिक खोल जाणे, आवाज मोजणे, अशी एकेक पायरी. मार्च २०१७ मध्ये तिने क्षेपणास्त्र आणि मे २०१७ मध्ये पाणतीर डागून दाखवला. १४ डिसेंबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. पोलादाच्या पहिल्या पत्र्यापासून नौदलाच्या ध्वजापर्यंत अकरा वर्षे! माझे वय एकोणीस. मी जन्मलो तेव्हा जिचे पोलाद कापले जात होते, ती मी प्राथमिक शाळेतून बाहेर पडलो तेव्हा समुद्रात गेली.

तिच्यामागून 'खांदेरी' (२०१९), 'करंज' व 'वेला' (२०२१), 'वागीर' (२०२३) आणि शेवटी 'वाघशीर' (२०२५) आल्या. यांतील 'खांदेरी' हे नाव आपल्या विशेष जिव्हाळ्याचे. मुंबईच्या दक्षिणेस, अलिबागसमोरील समुद्रात हे बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधण्यास घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आपल्या नौका पाठवून विरोध केला. पण मायनाक भंडारी यांच्या लोकांनी लहान होड्यांतून रसद पोहोचवीत बेट सोडले नाही. समुद्रातील लहान, चपळ आणि चिकाटीच्या शस्त्राला हे नाव शोभते यात शंका नाही.

बारा वर्षांची पोकळी

आता ज्या भागामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो.

माझगाव गोदीचा आरंभ १७७४ मधील एका लहानशा कोरड्या गोदीपासून सांगितला जातो. १९३४ मध्ये तिची कंपनी झाली आणि १९६० मध्ये ती भारत सरकारने घेतली. १९७२ मध्ये तेथे बांधलेली पहिली मोठी युद्धनौका 'निलगिरी' नौदलात आली. पाणबुड्या मात्र आपण बाहेरूनच घेत होतो. ८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत रशियात दाखल झालेली जुनी 'कलवरी' ही आपली पहिली पाणबुडी. पुढे डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन जर्मनीत कील येथे बांधावयाच्या व दोन माझगाव गोदीत. आपले अभियंते व कारागीर कीलला जाऊन शिकून आले. 'शिशुमार' व 'शंकुश' १९८६ मध्ये कीलहून आल्या. माझगावला बांधलेली 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आणि 'शंकुल' २८ मे १९९४ रोजी नौदलात दाखल झाली. भारतात प्रथमच पाणबुडी बांधली गेली. ज्या हातांनी ती बांधली ते हात मुंबईचे होते.

परंतु दरम्यान १९८७ मध्ये या करारात दलाली दिली गेल्याच्या आरोपांवरून देशात वादळ उठले. याच मालिकेत आणखी पाणबुड्या बांधण्याचा विचार मागे पडला. आरोपांची चौकशी व्हावयासच हवी होती. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा लोकशाहीचा प्राणच आहे. पण चौकशीबरोबर कामही थांबले. 'शंकुल' १९९४ मध्ये गेली आणि पुढच्या पाणबुडीचे पोलाद कापले गेले ते डिसेंबर २००६ मध्ये. मधली बारा वर्षे त्या गोदीत एकही नवी पाणबुडी उभी राहिली नाही.

या बारा वर्षांत काय झाले असेल? इमारती राहिल्या, याऱ्या राहिल्या, कपाटांत आराखडेही राहिले. पण ज्याला त्या पोलादाची नाडी कळत होती तो जोडारी निवृत्त झाला, दुसऱ्या कामावर गेला किंवा पोटासाठी आखातात गेला. त्याच्या हाताखाली शिकावयास नवा मुलगा नव्हता, कारण शिकावयास कामच नव्हते. कसब ही धान्यासारखी कोठारात साठवण्याची वस्तू नाही. ते बियाण्यासारखे आहे, पेरणी चुकली की संपते. ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रेंच कंपनीशी सहा स्कॉर्पिनांचा करार झाला, तेव्हा शिकण्याची सुरुवात बरीचशी पुन्हा पहिल्या पाठापासून करावी लागली. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळावयाची होती, ती २०१७ मध्ये मिळाली. विलंबाला इतरही कारणे होती. पण हातांना पडलेला खंड हे त्यांतील एक मोठे कारण होते, असे मला वाटते. सुमारे १८,८०० कोटी रुपयांचा खर्च पुढे २३,५०० कोटींच्या वर गेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण भांडवल, श्रम, भूमी असे घटक पाठ करतो. पण न वापरल्यामुळे गंजणाऱ्या कौशल्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे आपल्याला कोणी शिकवीत नाही.

यातून आपण काही शिकलो काय? याचे उत्तर येणारा काळ देईल. शेवटची स्कॉर्पिन जानेवारी २०२५ मध्ये गेली. त्याआधी काही दिवस, डिसेंबर २०२४ मध्ये, या पाणबुड्यांना पाण्याखाली अधिक काळ राहता यावे म्हणून एक नवा भाग बांधून बसवण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव गोदीशी झाला. त्यातील तंत्र आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले आहे. तयार पाणबुडी मधोमध कापून, त्यात नवा तुकडा घालून ती पुन्हा जोडावयाची! आणखी सहा पाणबुड्यांसाठी २०२५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, त्याही एचडीडब्ल्यूचा वारसा सांगणाऱ्या जर्मन कंपनीच्या साहाय्याने. ज्या दारातून आपण चाळीस वर्षांपूर्वी आत शिरलो होतो, त्याच दारापाशी पुन्हा आलो आहोत.

तापीच्या काठावरून

खानदेशाचा व समुद्राचा काय संबंध, असे कोणी विचारील. सावळद्याच्या पुलावर उभे राहून खाली पाहावे. हीच तापी पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळते. मुंबईतील जहाजबांधणीचा पाया ज्यांनी घातला ते लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला गेले. त्यांच्या घराण्याने मुंबईत सागवानी लाकडाची जी जहाजे बांधली, त्यांतील १८१७ चे 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगत आहे. आणि त्याच तापीच्या मुखाशी असलेल्या हजिरा येथे, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात, 'अरिहंत' या आपल्या पहिल्या अणुपाणबुडीचा देह घडला. तो विशाखापट्टणमला नेऊन जोडण्यात आला व २६ जुलै २००९ रोजी ती पाण्यात उतरली. तिच्या गिअरबॉक्सचे काम पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने केले. तेच वालचंदनगर, जे एकेकाळी केवळ साखरेसाठी ओळखले जाई. उसाच्या चरकाची यंत्रे घडवणारे हात पाणबुडीची यंत्रेही घडवू शकतात, हे त्यावरून सिद्ध झाले. आपल्या शिरपुरातही यंत्रांशी खेळणारे हात थोडे नाहीत.

हा अभ्यास पुरा झाल्यावर मी दादाला सारे सांगितले. काड्या भट्टीत तापवतात, हे ऐकून त्याला फार समाधान वाटले. "म्हणजे आपले खरेच होते तर," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "तिथे जोड घेणाऱ्याचे नाव लिहून ठेवतात, हे बरे करतात." त्याने दहावीनंतर शाळा सोडली, तेव्हा घरात एकाच्याच शिक्षणापुरते पैसे होते. त्याच्या हातचा जोड महामार्गावरून रोज धावतो. त्यावर कोणाचे नाव नसते.

आपण पुस्तके वाचणारे, पदवी घेणारे. हाताने काम करणाऱ्याला थोडे कमी लेखण्याची सवय नकळत आपल्याला लागते. पाणबुडीकडे पाहिले म्हणजे ही सवय किती खोटी आहे ते कळते. आराखडा काढणारा अभियंता, हिशेब ठेवणारा कारकून, धोरण ठरवणारा मंत्री आणि पाठीवर पडून जोड घेणारा कामगार या साऱ्यांवर तीनशे मीटर खोलीचा दाब सारखाच येतो. त्यांतील एकाचे काम कच्चे राहिले तर इतरांचे पक्के काम उपयोगी पडत नाही. आत बसलेल्या चाळीस-पंचेचाळीस खलाशांना यांपैकी कोणाचेही नाव ठाऊक नसते. तरी ते दार लावून घेतात आणि खाली जातात. हा विश्वास म्हणजेच पाणबुडीचा खरा देह होय. तो बांधावयास पिढ्या लागतात, आणि एका पिढीचा खंड पडला तर तो पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो.

वडिलांना मी घागरीचे उदाहरण देऊन समजावले. ते हसून म्हणाले, "मंग आते समजनं." एवढे झाले तरी माझ्या शिक्षणाचे सार्थक झाले असे मी मानतो.